चारशे ग्रॅमचं इंजिन आणि सव्वा किलोचे सांधे

रॉकेटचं इंजिन हल्ली छापून मिळतं. त्याला लावायचं निपल मात्र मिळत नाही. मानवाची प्रगती सध्या या ठिकाणी अडकलेली आहे आणि ते ठिकाण जुन्या जालन्यात, शनी मंदिराच्या अलीकडे, आमच्या ओसरीवर आहे.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या कॉलेजात पोरांचं एक रॉकेट-मंडळ आहे. वर्गणी, भांडणं, जागरणं, अध्यक्षांचा राजीनामा हे सगळं तिथं वेळच्या वेळी होतं; उड्डाण तेवढं बाकी आहे. चेन्नईच्या अग्निकुल कंपनीनं ३० मे २०२४ ला श्रीहरिकोट्याहून एका अखंड तुकड्यात छापलेलं इंजिन लावून रॉकेट उडवलं, तेव्हापासून या पोरांचं जेवणावरून लक्ष उडालं. त्याच महिन्यात इस्रोनंही पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं छापील इंजिन ६६५ सेकंद पेटवून बघितलं. आधी त्याचे १४ सुटे भाग असत, आता एकच. वेल्डिंगचे १९ सांधे गायब. आणि जिथं ५६५ किलो धातू लागायचा तिथं १३.७ किलो पूड पुरली. हा शेवटचा आकडा भाच्यानं मोठ्यानं सांगितला तेव्हा मी आधी खिडकी लावून घेतली. आमचं गाव सळईवर चालतं. पाचशे किलोचं काम चौदा किलोत होतं ही बातमी औद्योगिक वसाहतीत पोचली तर पोराला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं परत पाठवावं लागलं असतं.

इंजिन त्यानं जुन्या पंचात गुंडाळून आणलं होतं. करड्या रंगाचं, वितभर उंच, वर फुगीर, कमरेत बारीक, खाली पुन्हा पसरट. हात फिरवला की बारीक पॉलिश पेपरसारखं लागायचं, आणि उजेडात तिरपं धरलं की गळ्याभोवती एकावर एक चढलेले केसाएवढे थर दिसायचे. ॲल्युमिनियमची पूड अंथरायची, लेसरनं हवी तेवढीच वितळवायची, पुन्हा पूड अंथरायची; असं करत रात्रभरात इंजिन उभं राहतं. आमच्या आईनं चष्मा लावून ते नीट पाहिलं.

"छापलं म्हणतोस, मग अक्षर कुठंय?"

"आजी, अक्षर नसतं त्यात."

"मग कोरंच दिलं की प्रेसवाल्यानं. पैसे दिलेस का?"

भाच्याचं दुःख निराळं होतं. इंजिन भरलं चारशे ग्रॅम. त्याला इंधन आणि ऑक्सिजन आणून देणाऱ्या नळ्यांचे जोड, व्हॉल्व्ह, एल्बो, रिड्यूसर यांची पुण्यात जुळवाजुळव केली तर ते सव्वा किलो. म्हणजे नवरदेवापेक्षा करवलेच तिप्पट. "मामा, जालन्यात हलकी फिटिंग मिळतील ना?" त्यानं विचारलं.

जालन्याच्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. सळई इथली, बियाणं इथलं, मोसंबी इथली, 'जालना सोने का पालना' ही म्हण इथली; एवढं ज्या गावात मिळतं तिथं बोटभर निपल मिळणार नाही? शिवाय मी उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलं. अर्ध्या बाजारात माझे विद्यार्थी बसतात. ज्यांना मी "तुझं काही होणार नाही" असं सांगितलं ते दुकानांचे मालक आहेत, आणि ज्यांना "नाव काढशील" म्हणालो ते त्यांच्याकडे वह्या लिहितात. मी टोपी घातली आणि भाच्याला घेऊन कुंडलिका नदी ओलांडून नव्या जालन्यात शिरलो.

पहिलं दुकान नळसामानाचं. भाचा म्हणाला, "काका, फिटिंग दाखवा. हलकी पाहिजेत. जितकी हलकी तितकी चांगली."

दुकानदाराचा चेहरा उतरला. आमच्याकडे गिऱ्हाईक पितळी नळ आधी तळहातावर झेलून बघतं. जड लागला की मान डोलते आणि मग भावाची बोलणी. हलका लागला की "पोकळ दिसतोय" म्हणून तो परत काउंटरवर. बाप-आजापासून "वजन बघा, वजन" या तीन शब्दांवर तो धंदा उभा. आणि हा पोरगा हलकं मागतो, वर त्याचे जास्त पैसे द्यायला तयार! दुकानदारानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की सर, घरी सगळं ठीक आहे ना.

"हलकंच पायजे तर सीपीव्हीसी घ्या."

"त्यातून द्रव ऑक्सिजन जाणार आहे, काका. उणे एकशे त्र्याऐंशी अंश."

"मग सीपीव्हीसी कशाला? ते गरम पाण्याला. तुमचं गार हाय तर साधं यूपीव्हीसी चालतंय. स्वस्त पण पडंल."

यावर उत्तर देणं भौतिकशास्त्राला शक्य नव्हतं. म्हणून मी विषय बदलून अर्धा इंची निपल दाखवायला सांगितलं, आणि भाच्यानं खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढला. चारचौघांत कॅलिपर काढणारा नातेवाईक बरोबर नेऊ नये. त्यानं अर्धा इंची निपल बाहेरून मोजलं. भरलं एकवीस मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाच्याही वर. "यात अर्धा इंच कुठं आहे?" तो म्हणाला. दुकानदारानं ते उलटंपालटं करून पाहिलं. नोकरानं पाहिलं. मीही पाहिलं, घरात हयातभर अर्धा इंची म्हणून नळ बसवत आलो. अर्धा इंच कुठंच नव्हता. जुन्या काळी लोखंडी पाइपाचं आतलं भोक तेवढं असायचं. भोक बदललं, जाडी बदलली, नाव तेवढं राहिलं. त्यावर आट्यांचा गोंधळ निराळा. आपल्याकडे इंग्रजांचे आटे, पंचावन्न अंशांचे, व्हिटवर्थसाहेबानं १८४१ मध्ये ठरवून दिलेले. भाच्याच्या नकाशात अमेरिकेचे, साठ अंशांचे. पाव इंचीत इंग्रजाचे इंचाला एकोणीस आटे, अमेरिकेचे अठरा. एक दुसऱ्यात घातला तर दोन-तीन फेरे इतक्या प्रेमानं फिरतो, की वाटावं जमलं. मग जो अडकतो तो पुढंही जात नाही आणि मागंही येत नाही. हे आम्ही दुकानातल्या एका नमुन्यावर सिद्ध केलं आणि तो नमुना विकत घेतला.

दुकानाच्या बाकड्यावर आमचा नेहमीचा प्लंबर बसलेला होता. प्लंबर घरी बोलावला तर सापडत नाही, पण अशा बाकड्यावर हमखास असतो. तो म्हणाला, "सर, आटे कुठलेबी असू द्या. दोरा गुंडाळायचा, सफेदा लावायचा, पाना मारायचा. गळंल तर नाव बदलीन."

"सफेद्यात काय असतं?" भाच्यानं विचारलं.

"अळशीचं तेल."

भाचा दोन पावलं मागं सरकला. द्रव ऑक्सिजनपाशी तेलाचा डाग जरी असला तरी तो भडकायला निमित्तच शोधत असतो. भाच्याच्या या धास्तीचे परिणाम आमच्या घराला पुढं बरेच भोगावे लागले. सगळे सुटे भाग धुऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाळत टाकले गेले आणि ते वाळेपर्यंत घरात फोडणी बंद. ही म्हणाली, "तुमच्या बहिणीच्या घरी तळणं चालतं का? मग इथंच का सोवळं?" ऑक्सिजन इथं येणारच नव्हता, होणार होती ती फक्त पाण्याची चाचणी, पण भाचा म्हणाला सवय आत्तापासून पाहिजे. त्या आठवड्यात आम्ही उकडलेलं बरंच खाल्लं.

नळसामानात निभाव लागेना तेव्हा औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला गेलो. तिथं जेसीबीचे आणि रोलिंग मिलचे हायड्रॉलिक होज दाबून देणारी दुकानं आहेत. त्यातल्या एकाचा मालक माझा विद्यार्थी. हा भूमितीत सलग नापास व्हायचा. कोनदुभाजक काढताना कंपासचं टोक बाकात घुसवायचा. भाच्यानं नमुन्याला आणलेला निळा जोड त्यानं हातात घेतला, डोळ्यांपाशी नेला आणि म्हणाला, "हे सदतीस अंशाचं हाय. पंचेचाळीसचं एसीवाल्याकडं असतंय, ते याच्यावर बसवू नका, बसल्यासारखं दिसतंय आन् रडतंय."

मी चाट पडलो. कोनमापकाशिवाय सदतीस आणि पंचेचाळीसमधला फरक सांगणारा माणूस मी पस्तीस गुणांसाठी तिष्ठत ठेवला होता. त्यानं पुढं मलाच समजावलं. नळीचं तोंड शंकूसारखं पसरवायचं, समोरचा शंकू त्यात बसवायचा, मागून नट आवळायचा. धातूवर धातू बसतो. टेप नाही, दोरा नाही, सफेदा नाही. टेप तर लावायचाच नाही, कारण त्याचा एक तुकडा सुटून इंजिनाच्या सुईएवढ्या भोकात बसला की संपलं. अमेरिकेच्या लष्करानं आणि नौदलानं हा सांधा विमानांसाठी ठरवून घेतला, आणि त्याचे नंबर इंचाच्या सोळाव्या भागात असतात. सहा नंबर म्हणजे इंचाचे सहा-सोळांश. हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं, कारण हे तर आणे झाले! सहा आण्यांची नळी. विद्यार्थी म्हणाला, "आमी तीन सूत म्हणतो." अमेरिकन नौदल, जुना रुपया आणि जालन्याचा मिस्त्री एकाच मापावर उभे असल्याचं पाहून भाच्यानं कॅलिपर खिशात ठेवला.

"प्रेशर किती?" विद्यार्थ्यानं विचारलं.

"तीस बार."

तो हसायला लागला. दुकानातली पोरंही हसली. "आमच्याकडं अडीचशेच्या खाली कुणी बोलतच नाही. हे घ्या, चारशे बारचं हाय. उद्या पोकलेन लावला तरी हलणार नाही." त्यानं काढून दिलेला पोलादी जोड हातात घेताच माझा खांदा खाली गेला. भाचा केविलवाणं म्हणाला, "ॲल्युमिनियमचं नाही का?" विद्यार्थी म्हणाला, "आहे तुमच्या हातात. पण सर, ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम कोरडं फिरवलं तर आटे एकमेकांना धरतात. जीव घेतला तरी सुटत नाहीत." मी खोबरेल सुचवणार होतो. भाच्यानं नुसतं पाहिलं.

आता निवड वजनावर आली. घरचा काटा पाच ग्रॅमच्या खाली बोलत नाही. म्हणून आम्ही सराफ्यात गेलो. ओळखीच्या पेढीवर भाच्यानं रुमाल सोडला आणि काचेवर एक पोलादी जोड, एक निळा ॲल्युमिनियमचा जोड, तांबड्या रंगाचे दोन नट आणि मोटरसायकलच्या डिस्कब्रेकचा एक बँजो बोल्ट मांडला. शेजारी बांगड्या बघत बसलेल्या बायकांनी बांगड्या सोडल्या. सराफानं सवयीनं पोलादी जोड कसोटीच्या दगडाकडे नेला, मग भानावर येऊन काट्यावर ठेवला.

"एकसष्ट ग्रॅम, दोनशे मिली."

"आणि निळा?"

"एकवीस ग्रॅम, शंभर मिली. घट धरायची का?"

"नको. भाच्याच्या रॉकेटचं आहे."

"अस्सं. मुलगी कुठली?"

सराफ्यात वजन करून नेलं की लग्नच ठरलेलं असतं, बाकी खुलाशाला तिथं किंमत नाही. आम्ही परत कुंडलिका ओलांडायच्या आत बातमी आमच्या बाजूच्या गांधी चमनपर्यंत पोचली होती. भाचा मात्र त्या आकड्यांनी तरंगत होता. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एकतृतीयांश हे मी वर्गात इतक्यांदा फळ्यावर लिहिलं, पण त्यावर कोणाला आनंदानं उडी मारताना पाहिलं नव्हतं. घरी येऊन तो कानस घेऊन बसला आणि नटांच्या कडा घासून अर्धा-अर्धा ग्रॅम काढू लागला. त्याच दिवशी त्याच्या मामीनं त्याच्या पिशवीत पुण्याला न्यायला चिवडा, लाडू आणि लोणच्याची बरणी भरली. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. माझ्या पोटाकडे बघून मात्र तो म्हणाला, "मामा, तुमचंही पहिल्या टप्प्यात बरंच कमी करता येईल."

जोड ठरले तरी ते इंजिनावर बसवायचे कशात? छापलेल्या धातूत आटे नीट येत नाहीत. आडवं भोक छापलं तर त्याचं छत खाली ओघळतं. त्यामुळे भोक बारीक छापायचं आणि मग लेथवर नेऊन तोंड साफ करून टॅप मारायचा. आमच्या गल्लीमागे एका उस्तादांचा लेथ आहे. मिलचे मणभराचे शाफ्ट ते फिरवतात. त्यांनी इंजिन हातात घेतलं, चहूबाजूंनी फिरवलं, चकाकडे पाहिलं, पुन्हा इंजिनाकडे पाहिलं.

"मास्टरसाब, इसको पकडू कहाँ से?"

प्रश्न बिनतोड होता. त्या इंजिनात एक जागा सरळ नव्हती. भिंतही दुहेरी, आणि दोन पदरांच्या मधून केसाएवढ्या पन्हळी. त्यांतून आधी इंधन फिरतं, इंजिनाला गार ठेवतं आणि मग आत जाऊन जळतं. चकाचे तीन जबडे आवळले असते तर कमरेचा चुरा. "छापतानाच धरायला एक कान ठेवायचा होता," उस्ताद म्हणाले. पुण्यातल्या संगणकावर हे कोणाला सुचलं नव्हतं. शेवटी त्यांनी सागवानी ठोकळ्यात इंजिनाच्या मापाचा खड्डा कोरला, त्यात ते बसवलं आणि श्वास रोखून भोकांची तोंडं साफ करून टॅप मारला. मधेच त्यांनी इंजिन बोटानं टिचकावलं, तर पन्हळीतून उरलेली करडी पूड भुरभुर खाली आली. "माल अंदर से कच्चा है," असा शेरा मारून त्यांनी मजुरी सांगितली. ती ऐकून भाच्याला वजनाचा पहिल्यांदाच विसर पडला.

चाचणी गच्चीवर. हवेनं नाही, पाण्यानं, कारण पाणी दाबलं तरी फारसं दबत नाही, त्यामुळे काही फाटलंच तर फवारा उडतो, तुकडे उडत नाहीत. एवढं मी शिकवू शकलो. अडचण एवढीच, की त्या दिवशी नळाला पाणी यायचा वार नव्हता. जालन्यात पाण्याची बादली विज्ञानासाठी मागायची म्हणजे काय, हे ज्याचं त्याला माहीत. पैठणहून जायकवाडीचं पाणी इतक्या लांबून येतं, वाटेत त्याचाही विचार बदलत असावा. हिनं भांडी घासायच्या पाण्यातून एक बादली दिली आणि "परत पाहिजे" म्हणून सांगितलं.

प्लंबरनं त्याचा हातपंप आणला. पाइपलाइन तपासायचा, काटा असलेला. भाच्याला तीसच्या दीडपट, म्हणजे पंचेचाळीस बार हवे होते. प्लंबरच्या भाषेत बार नसतात, किलो असतात. "पंचेचाळीस किलोला लावू?" असं तो ओरडला तेव्हा शेजारच्या गच्चीवरून आवाज आला, "अहो, चारशे ग्रॅमच्या वस्तूत पंचेचाळीस किलो कशाला कोंबता?" तोवर आजूबाजूच्या गच्च्या भरल्या होत्या. गळती हा जालन्यात सर्वांना येणारा विषय आहे.

पंपात हवा धरली होती ती काढेपर्यंत मी भाच्याला म्हणालो, "तुम्ही पोरं घन इंधन का नाही घेत? आपले वसंत गोवारीकर थुंब्याला घन इंधनावरच काम करत आले. मसाला भरायचा, पेटवायचा. नळ नाही, निपल नाही."

"मामा, एसएलव्ही-३ चे चारही टप्पे घनच होते," भाचा म्हणाला. "१० ऑगस्ट १९७९. दुसऱ्या टप्प्याची दिशा सांभाळायला तेवढं नायट्रिक आम्ल ठेवलं होतं. ते व्हॉल्व्हमधून गळून गेलं आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात."

"व्हॉल्व्ह बसवला कुणी होता?" प्लंबरनं पंप थांबवून विचारलं.

पुढच्या वर्षी, १८ जुलैला तसंच दुसरं रॉकेट नीट गेलं हे सांगूनही त्याचं समाधान होईना. भाच्यानं मग सुनीता विल्यम्सचं सांगितलं: जून २०२४ मध्ये आठवड्याभरासाठी गेल्या, यानात हेलियम गळायला लागला, थ्रस्टरही रुसले, आणि परतल्या मार्च २०२५ मध्ये, दुसऱ्याच यानातून. शुभांशु शुक्लांचं उड्डाण जून २०२५ मध्ये पुढं गेलं, त्यातलं एक कारण ऑक्सिजनची गळती. प्लंबरच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज चढलं. "म्हणजे नासाकडं पण गळतंय!" तो सगळ्या गच्च्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मग इथली माणसं माझ्या बिलाला काहून कटकट करतात?"

दहा किलो. वीस. तीस. भाचा टिश्यू पेपर घेऊन एकेका सांध्याभोवती फिरवत होता. कोरडा. प्लंबरचा हात पान्याकडे सारखा जात होता. त्याच्या शास्त्रात सांधा 'अजून थोडा' आवळायचाच असतो, कट्ट असा आवाज येईपर्यंत. भाच्यानं त्याचा पाना लपवला. चाळीस. सगळे निळे-तांबडे सांधे ठणठणीत. पंचेचाळीसला काटा पोचला आणि गच्च्यांवर टाळ्या पडल्या. तेवढ्यात आई म्हणाली, "त्याला घाम फुटलाय बघ."

खरंच फुटला होता. सांध्यांना नव्हे, इंजिनालाच. कमरेपाशी, जिथं जोड नाही, आटे नाहीत, वेल्डिंग नाही, अशा अखंड छापलेल्या भिंतीतून मोहरीएवढे थेंब ओळीनं बाहेर येत होते. कुठल्याशा थरात पूड नीट वितळलीच नव्हती.

भाचा मटकन खाली बसला. प्लंबर मात्र एकेक सांध्यावरून अभिमानानं बोट फिरवत होता. "सर, आपलं काम बघा. एक टिपका नाही. गळतंय ते त्यांचं." मग त्यानं पिशवीतून एम-सीलची पुडी काढली आणि दोन रंगांच्या गोळ्या एकत्र मळायला घेतल्या. ती पुडी त्याच्या हातून काढून घेताना भाच्याला जवळजवळ रडू आलं.

तो हलके जोड घेऊन पुण्याला गेला. नवं इंजिन छापायचं, आणि या वेळी जोड वेगळे लावायचेच नाहीत, सदतीस अंशांचा शंकू इंजिनातूनच उगवलेला छापायचा, वर लेथसाठी एक कान ठेवायचा, असं ठरलं आहे. प्लंबरला हे आवडलेलं नाही. सांधेच काढून टाकायला लागले तर माणसानं खायचं काय, असं त्याचं म्हणणं.

नाकारलेलं जड सामान आमच्याकडे राहिलं, कारण दुकानदार एकदा आवळलेलं परत घेत नाही. वाया जाऊ नये म्हणून प्लंबरनं तो चारशे बारचा पोलादी सांधा, मधे दोन रिड्यूसर घालून, आमच्या न्हाणीघराच्या नळामागे बसवून दिला. आता पोकलेन लावला तरी तो हलणार नाही. परवा पाण्याचा वार होता. सगळं घर बघायला जमलं. पाणी आलं, सांध्यापर्यंत चढलं, आणि दाब कमी पडल्यामुळे तिथंच थांबलं.